चौथ्या पिशवीत काय होतं?

मी पोत्याचा कान धरला, ओढला, आणि पोतं जागचं हललंच नाही. वाकून पाहते तर काय... पोत्याचा दुसरा कान एका माणसाच्या हातात!

मी हबकलेच. सप्टेंबरची दुपार, जालन्याच्या मस्तगडातला राधेश्यामचा ज्यूसचा गाडा, आणि गाड्यामागं मोसंबीच्या सालींचं ते एकुलतं एक पोतं. रोज चार वाजता मी येते आणि ते घेऊन जाते हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

"ओ दादा, सोडा. माझं आहे ते."

"तुमचं?" तो हसला. उन्हानं रापलेला चेहरा, खांद्यावर पेंडीची पिशवी, आणि डोळे असे की भांडायला आलेल्या माणसानं मुद्दाच विसरावा. "सालीवर नाव लिव्हलंय का?"

"राधेश्यामभाऊंनी मला कबूल केलंय. रोजचं!"

"मलाबी."

आम्ही दोघांनी एकदमच राधेश्यामकडं मान वळवली. त्यानं घाईघाईनं आमच्याकडं पाठ केली आणि मशीन सुरू केलं. घर्रर्र... झालं! आता याला जगातलं काही ऐकू येणार नव्हतं. एकच पोतं दोघांना कबूल करून हा महाशय निवांत रस काढत होता.

"तुम्हाला कशाला पाहिजेत साली?" मी मशीनच्या वर आवाज चढवला.

"मला न्हाई, शेळ्यांना. तुम्हाला?"

"मला अर्क काढायचाय. सालीत अँटिऑक्सिडंट असतात."

"काय असतात?"

हे समजावून सांगायची मला भारी हौस. माझ्या मैत्रिणी या वाक्यानंतर पळून जातात. "वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? ते काळं पडू न देणारी जी ताकद असते, ती. झाडं स्वतःच्या जिवासाठी बनवतात. ती सालीतून काढली की शरबतात घालता येते, चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालता येते. कारखान्यात त्यासाठी मिथेनॉल, हेक्सेन असली जहाल रसायनं वापरतात. वासानंच डोकं उठतं. आणि उरलेलं जातं कुठं? नाल्यात. मी तसलं काही वापरत नाही. मी पाण्यानं काढते. थोडं ग्लिसरीन, थोडी ऊब, बस्स."

आश्चर्य म्हणजे तो पळाला नाही. मान एका बाजूला कलवून ऐकत राहिला. मग म्हणाला,

"म्हंजे काढा."

"काय?"

"साल गरम पाण्यात ठिवायची, गाळून घ्यायची. आमची माय त्याला काढा म्हणती."

पाच वर्षांचं रसायनशास्त्र! मीना मॅडमच्या हाताखाली कॉलेजच्या प्रयोगशाळेत घासलेली दीड वर्षं! या माणसानं एका शब्दात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. सगळ्यात वाईट म्हणजे तो बरोबर बोलत होता.

शेवटी अर्धं-अर्धं ठरलं. साली वाटून घेताना त्यानं नाव सांगितलं... परमेश्वर. म्हणजे साक्षात परमेश्वर माझ्या साली पळवत होता, आता तक्रार करायची कुणाकडं?

मी तृप्ती. भोकरदनची. वडील एसटीत कंडक्टर, आई नंदाबाई शेतात आणि माझ्या लग्नाच्या काळजीत. जालन्याला खोली घेऊन राहत होते आणि खोलीच्या गच्चीवर साली वाळवत होते. वाळवत होते म्हणजे... बुरशी पिकवत होते. रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं, एक शिंतोडा पडला की दोन दिवसांची मेहनत हिरवी-पांढरी. असंच एकदा मी नासलेलं पोतं उकिरड्यावर ओतत असताना परमेश्वर तिथून गेला, आणि गाडी वळवून परत आला.

"हे काय करून राह्यले तुम्ही? चांगली साल फेकून राह्यले?"

"चांगली कुठं? बुरसटलीय." माझा आवाज रडका झाला असणार, कारण तो गाडीवरून खाली उतरला.

"आमच्याकडं वाळवा. शेळ्यांच्या शेडला वरती जाळी हाय. वारं खेळतं, ऊन लागत न्हाई, पाणी येत न्हाई."

"शेळ्या खातील की."

"जाळी डोक्याच्या वर हाय, मॅडम. शेळी हाय ती, जिराफ न्हाई."

अंबड रोडला त्यांची वस्ती. आज्या-पणज्यापासून शेळ्या-मेंढ्या राखणारं घर. वडलांनी पुढं दोन एकर मोसंबी लावली, तरी शेळ्या काही सुटल्या नाहीत. शेडवर लोखंडी जाळीचा माळा टाकलेला. सळयांच्या कारखान्यांच्या जालन्यात राहून लोखंडाला काय तोटा! माळ्यावर जायला शिडी, शिडीच्या तोंडाला छोटं दार, दाराला कडी. या कडीवर पुढं माझं सगळं आयुष्य लटकणार होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्याची आई, गोपिकाबाई, मला पाहून म्हणाली, "पोरी, नुसता काढा काढायला इतके वर्ष शिकलीस? मंग आम्हाला डाक्टरच म्हणायचं." आणि माझं तोंड पाहून पदरात हसली. पण साली तिनं अशा पसरल्या की एकीवर दुसरी नाही. वाळल्या की उखळात कुटून पूडही तीच करून द्यायची.

शेळ्यांमध्ये एक मोडक्या शिंगाचा तांबडा बोकड होता. नाव सरकार.

"हे कसलं नाव?"

"काय दिसंल ते खातो. टावेल खाल्ला, वही खाल्ली, परवा तर पेंडीवाल्याची पावती खाल्ली. मंग दुसरं काय नाव ठिवावं?"

मी इतकी हसले की माळ्यावरून साली खाली पडल्या, आणि सरकारनं त्याही जमा केल्या.

त्या दिवशी अचानक पाऊस आला. पत्र्यावर असा तडतडला की शेडमध्ये आम्ही दोघं दोन हातांवर उभे, तरी ओरडून बोलावं लागत होतं. तो काहीतरी म्हणाला.

"काय?"

"तुमच्या हाताला...!"

"काय झालं हाताला?"

"वास येतो! मोसंबीचा! लई..."

आणि पाऊस थांबला. एकदम, नळ बंद करावा तसा. त्या शांततेत त्याचं उरलेलं वाक्य खणखणीत वाजलं, "...लई आवडतो मला!"

शेळ्यांनी माना वर केल्या. पलीकडच्या ओसरीवरून गोपिकाबाईचा आवाज आला, "कोण आवडतो रे?" परमेश्वर शिडीवरून सरळ माळ्यावर चढला आणि वाळलेल्या साली उगाच उलट्यापालट्या करत बसला. माझे कान गरम झाले होते. त्या रात्री मी हात धुतले नाहीत... म्हणजे धुतले, पण साबण लावला नाही. आता मोकळेपणी सांगतेच आहे तर हेही सांगते.

दर गुरुवारी तो कॉलेजच्या फाटकाशी पुडीची पिशवी घेऊन यायचा. पहिली पिशवी, दुसरी, तिसरी. पूड कोमट पाण्यात, पाण्यात ग्लिसरीन, आणि ते सगळं एका सोनाराकडून जुनंच विकत घेतलेल्या, दागिने धुवायच्या मशीनमध्ये. ते मशीन पाण्यात बारीक थरथर करतं, नुसतं गुणगुणतं, आणि सालीचा जीव हळूहळू पाण्यात उतरतो. मग परीक्षा. काचेच्या नळीत तपासणीचं गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्काचे थेंब टाकायचे. अर्कात ताकद असेल तर जांभळं फिकं होत होत पिवळं पडतं. जितकं लवकर, जितकं पिवळं, तितकी ताकद जास्त. माझ्या पहिल्या तीन पिशव्यांनी बेताचं पिवळं दाखवलं. पास, पण काठावर.

आणि चौथी पिशवी... थेंब पडले, आणि मी नळी हलवायच्या आत जांभळं गेलं!

"मॅडम!" मी किंचाळले. मीना मॅडम चहाचा कप घेऊनच धावत आल्या. परत केलं. परत गेलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मॅडमनी कप खाली ठेवला आणि स्वतःच्या हातानं थेंब टाकले. यंत्रावर आकडा पाहिला तर जवळपास दुप्पट! आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मॅडम वीस वर्षं शिकवतायत, त्यांनीही असं कधी पाहिलं नव्हतं.

"काय वेगळं केलंस तू?"

पूड थोडी हिरवट होती, थोडी कडू वासाची. पण माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. "सावली, मॅडम! माळ्यावरचं वाळवण आता बरोबर जमलं. वारा, सावली आणि गोपिकाबाईंचा हात." आणि मी तसं अहवालात लिहूनही टाकलं. ठळक अक्षरात. देवा!

अहवाल अंबडच्या मोसंबी उत्पादकांच्या कंपनीकडं गेला. अध्यक्ष काकासाहेबांचा फोन आला. आमच्या लोकांसमोर करून दाखवा, दुप्पट दिसलं तर कंपनीच्या शेडमध्ये अर्काचं छोटं युनिट टाकू, आणि चालवायचं तुम्ही. मला तर फोन हातात धरवेना. कारण माझ्या पर्समध्ये दुसरं एक पत्र होतं, गुजरातच्या एका कारखान्याचं. पगार उत्तम, एक तारखेला हजर व्हा. काम काय? हेक्सेननं अर्क काढणं. युनिट झालं तर जालन्यात राहायचं, माझ्या पाण्याच्या पद्धतीनं काम करायचं. नाही झालं तर एक तारखेला गाडीत बसायचं. वडलांना मी तसा शब्दच दिला होता.

हे सगळं मी परमेश्वरला फाटकाशी एका दमात सांगितलं. तो हसला नाही.

"गुजरात... म्हंजे लई लांब."

"जायचंच नाही हो! दुप्पट आलंय, दुप्पट! तुमच्या माळ्यामुळं!"

"मॅडम, त्या चौथ्या पिशवीचं... मला एक सांगायचं व्हतं..."

"नंतर सांगा. आधी राधेश्यामभाऊंकडून ताज्या साली घ्या, प्रयोगाला लागतील. तशाच वाळवा, अगदी तशाच!" आणि मी पळाले. माणूस सांगत होता आणि मी पळाले. तोंडाला कुलूप नाही, कानाला मात्र आहे, असं आई म्हणते ते खोटं नाही.

अंबडला कंपनीच्या हॉलमध्ये चाळीस-एक बागायतदार बसले होते. पुढं काकासाहेब, चष्म्यावरून बघत. कोपऱ्यात मीना मॅडम, नव्या साडीत. अगदी मागं दाराशी परमेश्वर. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. माझी नजर तिथं एकदा गेली, दोनदा गेली... मग मी ती ओढून आणली.

वांग्याचा दाखला दिला, लोक हसले. सोनाराच्या मशीनवर तर टाळ्या पडल्या. मग सगळ्यांसमोर अर्क गाळला, जांभळं द्रावण उंच धरलं आणि थेंब टाकले.

"आता बघा. जाईल एका झटक्यात."

गेलं नाही.

मी नळी हलवली. जांभळं थोडं उतरलं, मळकट झालं, आणि तिथंच बसलं. परत थेंब. परत तेच. अख्खा हॉल नळीकडं बघत होता आणि नळी माझी लाज काढत होती. पाच मिनिटांनी कुठं बेताचं पिवळं आलं, पहिल्या तीन पिशव्यांसारखं.

"कागदावर तर दुप्पट लिव्हलंय," काकासाहेब शांतपणे म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मागून कुजबुज सुरू झाली. मीना मॅडमनी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढं गुजरातची गाडी उभी राहिली, इंजिनासकट.

"चूक माझी हाय!"

सगळ्या माना मागं वळल्या. परमेश्वर उभा होता.

"चौथ्या पिशवीत साल नव्हतीच," तो म्हणाला. "माळ्याची कडी लावायची राह्यली. शेळ्या वर चढल्या अन् समदी साल खाऊन बसल्या. गुरुवार तोंडावर आल्ता. मॅडमचं काम अडंल म्हणून आम्ही... बागेत गळालेली मोसंबी पडून व्हती. कच्ची, हिरवी, लिंबाएवढी. मायनं अन् मी चकत्या केल्या, वाळवल्या, कुटून दिल्या. मला वाटलं मोसंबी ती मोसंबीच. मॅडमला काय म्हाईत न्हाई. त्यांचा काही दोष न्हाई."

मला वाटलं छत खाली आलं. ठळक अक्षरात लिहिलं होतं मी! सावली, वारा, गोपिकाबाईंचा हात! राग आला की माझी शहरी मराठी गळून पडते, अस्सल भोकरदन बाहेर येतं.

"तुम्ही मला फशिवलं!" मी भर सभेत ओरडले. "दीड वर्ष मी जीव काढून राह्यले अन् तुम्ही माझ्या पिशवीत कचरा भरून दिला? गळालेली फळं? जी लोक खड्ड्यात पुरतात ती? जी फुकट सुद्धा कुणी..."

आणि माझा आवाज मधेच बंद पडला.

परमेश्वर तोपर्यंत दारातून बाहेर गेला होता. मी मात्र तशीच उभी, हात वर, बोट दाराकडं. कच्च्या फळात ताकद जास्त असते. किडीपासून स्वतःला वाचवायला कोवळं फळ ती भरभरून बनवतं, पिकत जाईल तशी कमी होते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्क घेतले होते! आणि माझ्यासमोर चाळीस माणसं बसली होती, ज्यांच्या बागेत या घडीला झाडाखाली सडा पडला होता.

पहिल्या रांगेतले एक म्हातारबाबा उठले. "पोरी, म्हंजे आमी जे खड्ड्यात पुरून राह्यलो, ते सालीपेक्षा दुप्पट?"

हो म्हणायचा मोह झाला. जिभेच्या टोकावर आलं होतं. मीना मॅडम डोळे उघडून माझ्याकडंच बघत होत्या.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. "एका बागेची एकच पिशवी आहे ती. एकदा न तपासता लिहिलं आणि तोंडावर पडले. मला आठ दिवस द्या. आठ बागांतली गळालेली फळं द्या. मग सांगते, जे दिसेल ते."

काकासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "आठ दिवस," ते म्हणाले. "नवव्या दिवशी पुन्हा हितंच."

सात बागांमधून पोती आली. आठवी बाग कुठली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला तिथं जायचं धैर्य होत नव्हतं. शेवटी गेले. परमेश्वर झाडांखाली टोपलं घेऊन फळं वेचत होता. मला पाहून उभा राहिला, टोपलं माझ्यापुढं ठेवलं आणि दुसऱ्या ओळीत निघून गेला. मी आपली वाकून फळं वेचू लागले. लिंबाएवढी गार, हिरवी फळं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी सालीच्या उग्र वासावर ढकललं.

गोपिकाबाई शेजारी येऊन बसली. "भांडलीस म्हणं, भर सभंत."

"चुकलं माझं, मावशी. पण कडी कशी राहिली हो? इतका जपणारा माणूस..."

ती माझ्याकडं वळली. "तुला सांगितलं न्हाई त्यानं?"

"काय?"

"त्या दिशी तू येनार व्हतीस न्हाई का, साली बघायला? गडी पहाटंपासून आरशापुढं. दाढी केली, दोनदा. तीन सदरे घातले, तीन काढले. मी म्हणलं, परमेश्वरा, कडी लाव. म्हणला, लावतो. अन् कंगवा घिऊन परत आरशापुढं!" तिनं कपाळावर हात मारला. "तूबी त्या दिशी आलीच न्हाईस."

त्या दिवशी मॅडमनी थांबवून घेतलं होतं. मी साधा निरोपसुद्धा दिला नव्हता. चाळीस माणसांसमोर मी त्याला फसवा म्हणाले, आणि त्या माणसानं सगळं सांगितलं, एवढं एक सोडून.

मी टोपलं तिथंच टाकून दुसऱ्या ओळीत गेले.

"ओ, दोनदा दाढी करणारे!"

तो गर्रकन वळला. कानाच्या पाळ्या लालबुंद. "माय...! समदं सांगितलं का तिनं?"

"तुम्ही का नाही सांगितलंत? आणि पिशवीचं तरी?"

"सांगाया आल्तो की, फाटकापाशी. तुम्ही इतक्या खुश व्हत्या... अन् मंग गुजरातचं बोलल्या. म्हणलं, आता खरं सांगितलं तर तुम्ही जाणार." त्यानं हातातलं फळ दोनदा फिरवलं. "न्हाई सांगितलं. ते बिलकुल चुकलं."

"माझंही चुकलं. तुम्ही सांगत होतात, मी पळाले."

वाऱ्यानं वरून एक फळ टप्पकन आमच्या दोघांच्या मधे पडलं. त्यानं ते उचललं, शर्टाला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. बोटं लागली. कुणीच हात मागं घेतला नाही, बराच वेळ.

आठ बागा, आठ पुड्या, आठ नळ्या. नवव्या दिवशी अंबडच्या त्याच हॉलमध्ये मी एकामागून एक थेंब टाकत गेले आणि जांभळं एकामागून एक जात राहिलं. कुठं दुप्पट, कुठं थोडं कमी, पण साली सगळ्यांच्या मागं. आठव्या नळीला म्हातारबाबा उभे राहून म्हणाले, "आरं तिच्या मायला, इतकी वर्षं खड्ड्यात पुरलं की रं!" अख्खा हॉल हसला, आणि मी तिथंच रडले.

"एक हंगाम," काकासाहेब म्हणाले. "शेड आमचं, फळं आमची, काढा तुमचा. तुमच्या मॅडम म्हणल्या त्या गुजरातच्या पगाराच्या निम्मासुद्धा न्हाई. पुढच्या वर्षाचं आज बोलणार न्हाई. विचार करून सांगा."

मी विचार केला. एसटीत बसून अंबडहून वस्तीवर पोचेपर्यंत, तेवढाच. वाटेत वडलांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "शिकवलंय कशाला तुला, तुझं तू ठरवायलाच ना?"

परमेश्वर माळ्यावर चकत्या पसरत होता. मला पाहून खाली आला आणि कडी लावली. ओढून पाहिली. परत ओढून पाहिली.

"कधी निघायचं?" त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं. "इस्टेशनला सोडतो म्या."

"कुठल्या स्टेशनला?"

"एक तारखंला गुजरातला न्हाई का? काकासाहेबाचं कळलं मला. एका हंगामासाठी कोण थांबतं, मॅडम? पक्की नोकरी हाय ती."

मी पर्समधून पत्र काढलं. छान जाड कागद, वर रंगीत शिक्का. सरकार कुंपणाशी उभा राहून त्याच्याकडं मोठ्या आस्थेनं बघत होता. मी वाकून पत्र त्याच्या तोंडापुढं धरलं.

"अवो! अवो मॅडम, कागद! सरकार, सोड! सोड म्हणतो ना!"

परमेश्वर झेपावला, पण सरकारच्या जबड्यातून आजवर कुणाचं काही परत मिळालेलं नाही. एक कोपरा तेवढा त्याच्या हातात आला. तो कधी त्या कोपऱ्याकडं बघे, कधी माझ्याकडं. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. गेला महिनाभर धक्के खायची पाळी माझी होती. आज पहिल्यांदा त्याची आली, आणि मला काय मजा वाटली म्हणून सांगू!

"हे काय केलं तुम्ही? एका हंगामासाठी?"

"मोसंबीला हंगाम दरवर्षी येतो," मी म्हणाले.

कागदाचा तुकडा त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला, जपून. मग म्हणाला, "मला तुम्ही लई आवडता."

"माहीत आहे. पावसात ऐकलं होतं."

"ते हाताच्या वासाचं बोललो व्हतो."

"मग आता पूर्ण झालं." एकदा सुटली की माझी जीभ कुठली ऐकते! "मलाही तुम्ही आवडता. दाढीसकट. आता जल्दी सांगा, आणखी काही सांगायचं राहिलंय? कडी, पिशवी, काही? परत धक्का नको मला."

त्यानं मान खाली घातली. पायानं माती उकरली.

"एक हाय."

"परमेश्वर!"

"ते पहिल्या दिशी... राधेश्यामनं मला पोतं कबूल केलंच नव्हतं. समोरच्या दुकानात पेंड घ्यायला येत व्हतो. आठ दिवस तुम्हाला बघून राह्यलो व्हतो, चार वाजता येता, पोतं उचलता, निघून जाता. बोलावं कसं, काही सुचंना. मंग म्हणलं, पोत्याचा दुसरा कान तरी धरावा..."

"मग राधेश्यामभाऊंनी ते मशीन..."

"हसू दाबाया चालू केलं त्यानं. रसाला गिऱ्हाईकच नव्हतं."

मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण आभाळ गडगडलं, पत्र्यावर पहिले दोन-चार थेंब वाजले आणि ओसरीवरून गोपिकाबाई कडाडली,

"आरं, एकमेकाकडं बघत काय उभे राह्यले? पाऊस आला! अंगणातलं फळाचं पोतं आत घ्या!"

आम्ही धावलो. एक कान त्यानं धरला, दुसरा मी.